'नो ग्रोथ' आलं, तरी जळजळ थांबेना

हे प्रकरण मी पेशंट आणि तिचा नवरा, दोघांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि इतर काही तपशील बदलले आहेत. तक्रारी, रिपोर्ट आणि माझ्या हातून राहून गेलेली गोष्ट मात्र आहे तशीच ठेवली आहे.

भोसरी-चाकण पट्ट्यात माझा दवाखाना आहे. ती 26 वर्षांची, एका कंपनीत पॅकिंगला. नवरा दुसऱ्या कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. लग्नाला वर्ष होत आलं होतं. फेब्रुवारीत पहिल्यांदा आली तेव्हा सासू सोबत होती. लघवीला आग होते, सारखं जावं लागतं, तीन दिवस झालेत, हे सगळं सासूनंच सांगितलं. "उन्हाळी लागलीय मॅडम. कंपनीत पाणीच पीत नाही ही. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, तेवढ्यापुरतं बरं वाटतं." ती मान खाली घालून बसली होती. बाहेर वीस-पंचवीस पेशंट. मी पाच दिवसांचं नायट्रोफ्युरँटॉइन लिहिलं, जळजळ कमी करणारं सिरप लिहिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

तरुण बाईला पहिल्यांदाच अशी तक्रार झाली, ताप नाही, कंबरेत दुखत नाही, दिवस गेलेले नाहीत, तर लघवी न तपासता औषध देणं चूक नाही. अशा दहापैकी सात-आठ जणींमध्ये कारण ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असतो आणि त्याच्यावर ते औषध चालतं. माझं चुकलं ते विचारण्यात. अंगावरून जातं का, पाळीच्या मधेच डाग पडतात का, संबंधानंतर रक्त दिसतं का, यातलं काहीही मी विचारलं नाही. सासू समोर बसली होती आणि मला घाई होती.

मार्चमध्ये पुन्हा तसंच झालं तेव्हा ती घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. लघवी तपासली, पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, वाढलेल्या, 12 ते 15 निघाल्या, नॉरफ्लॉक्सच्या गोळ्या मिळाल्या. एप्रिलच्या शेवटी तिसऱ्यांदा. या वेळी कल्चर झालं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, आणि रिपोर्टवर 'नो ग्रोथ', काहीच वाढलं नाही, असं आलं. कुणीतरी तिला सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, अंगात उष्णता आहे. सासूनं वाळ्याचं पाणी सुरू केलं, मसाल्याचं बंद केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौथ्यांदा त्रास झाला आणि ती पुन्हा माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या पिशवीत तीन चिठ्ठ्या आणि तीन रिपोर्ट होते. मी ते टेबलावर तारखेप्रमाणे ओळीनं मांडले.

ते कागद एकत्र वाचायला हवे होते. पस सेल्स प्रत्येक वेळी वाढलेल्या, शेवटच्या रिपोर्टमध्ये 18 ते 20. म्हणजे लढाई चालू आहे, पांढऱ्या पेशी जमा होताहेत. पण नायट्राइट निगेटिव्ह, ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते इथे झालेलं नव्हतं. आणि कल्चरच्या बशीवर काहीच उगवलं नव्हतं. पू आहे पण जंतू दिसत नाही, असा हा पेच. त्याला 'नॉर्मल' म्हणता येत नाही.

याची कारणं मोजकी आहेत. कल्चर देण्याआधीच अँटिबायोटिक सुरू झालेलं असणं, हे सर्वांत जास्त आढळणारं. तिला विचारलं, आधीच्या गोळ्या संपून महिना झाला होता. मुतखडा, सोनोग्राफी स्वच्छ होती. मूत्रमार्गाचा टीबी, आपल्या देशात हा विसरून चालत नाही, त्यासाठी तीन दिवस पहाटेची लघवी द्यावी लागते, ती तपासणी मी मनात राखून ठेवली. आणि चौथं कारण म्हणजे साध्या कल्चरमध्ये न वाढणारे, संबंधातून पसरणारे जंतू. क्लॅमिडिया माणसाच्या पेशीच्या आत शिरूनच जगतो, त्यामुळे लॅबमधल्या बशीवर तो कितीही दिवस ठेवला तरी उगवत नाही. गनोरियाचा, म्हणजे ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात त्याचा, जंतू इतका नाजूक की त्याला वेगळं माध्यम आणि वेगळी हवा लागते. लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये या दोघांचा शोध घेतलाच जात नाही. जो शोधलाच नाही, तो सापडला नाही म्हणून नाही असं कसं म्हणायचं?

मग सासूला म्हटलं, "आई, हिला आतून तपासायचंय. तुम्ही जरा बाहेर बसा." हे वाक्य मी फेब्रुवारीतच बोलायला हवं होतं. नर्सनं पडदा ओढला.

हे प्रश्न कसे विचारायचे हे आम्हाला कॉलेजात कुणी नीट शिकवत नाही. मी आता ठरलेलं एक वाक्य वापरते: "लघवीची तक्रार परत परत होणाऱ्या प्रत्येकीला मी हे विचारते, तुला एकटीला नाही. इथलं बोलणं याच खोलीत राहील." मग सरळ विचारते. आग लघवी आतून येताना होते की बाहेरच्या त्वचेला लागल्यावर? बाहेर झोंबत असेल तर बुरशी किंवा हर्पिसचे फोड असू शकतात. तिची आतून होती. ओटीपोटात जड वाटायचं. अंगावरून पिवळसर जायचं, पण "बायकांना जातंच की," असं तिला घरी सांगितलेलं. संबंधानंतर दोनदा रक्ताचा डाग दिसला होता. आणि मग मी विचारलं, नवऱ्याला कधी जळजळ झाली होती का?

ती थोडा वेळ गप्प राहिली. "दिवाळीनंतर झाली होती ह्यांना. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार दिवसांत बरं वाटलं. उन्हातान्हात फिरतात म्हणून झालं म्हणाले."

एवढं एक वाक्य चार महिने तिच्यापाशी होतं. कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नाही.

तपासताना गर्भाशयाचं मुख लाल, सुजलेलं. कापसाची काडी लागताच रक्त आलं आणि काडीवर पिवळा चिकट स्राव. मुख हलवल्यावर दुखलं नाही, म्हणजे संसर्ग वर नळ्यांपर्यंत पोचून मोठी सूज आलेली नव्हती, निदान तेव्हा तरी. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. क्लॅमिडिया आणि गनोरियाच्या नॅट चाचणीसाठी योनीमार्गातला स्वॅब घेतला. ही चाचणी जंतूचं जनुकीय द्रव्य शोधते, त्याला उगवावं लागत नाही. बायकांमध्ये यासाठी लघवीपेक्षा स्वॅब बरा, लघवीत काही केसेस निसटतात. आणि हा स्वॅब बाई स्वतःही घेऊ शकते, तपासणीची लाज वाटत असेल तर हा मोठा आधार आहे. पुरुषाला लघवी पुरते, पण इथे एक गोष्ट उलटी आहे. कल्चरसाठी आपण सांगतो, सुरुवातीची थोडी सोडून द्या आणि मधल्या धारेची बाटलीत घ्या. नॅटसाठी नेमकी सुरुवातीचीच लघवी हवी, आणि त्याआधी किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. जंतू मूत्रनळीच्या अस्तरात असतो, पहिल्या वीसेक मिलिलिटरमध्ये तो धुऊन येतो. बाटली तीच, सूचना उलटी. ती कुणी नीट सांगितली नाही तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

सोबत एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपटायटिस बी यांच्यासाठी रक्त घेतलं. एचआयव्हीच्या चाचणीसाठी समजावून सांगून संमती घ्यावी लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे.

एक बारीक गोष्ट, पण माझ्या मते फार महत्त्वाची. लॅबच्या फॉर्मवर तिनं मोबाईल नंबर लिहिला तो घरातल्या सगळ्यांच्या हातात असणाऱ्या फोनचा. आजकाल रिपोर्ट थेट व्हॉट्सॲपवर येतो. मी तो नंबर खोडून दवाखान्याचा लिहिला. गुप्ततेच्या गोष्टी आपण खूप करतो. ती मोडते ती अशा एका रकान्यात.

औषधासाठी रिपोर्टची वाट पाहिली नाही. मुखाची ती अवस्था आणि नवऱ्याचा तो इतिहास पुरेसा होता. सेफ्ट्रिअक्झोनचं एक इंजेक्शन आणि डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. जेवणानंतर, मोठा पेला पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दिवस गेलेले असते तर डॉक्सिसायक्लिन चाललं नसतं, अझिथ्रोमायसिन दिलं असतं. आधीची औषधं का चालली नाहीत तेही तिला सांगितलं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, मुखाच्या पेशींमध्ये पुरेसं पोचत नाही. नॉरफ्लॉक्सचा क्लॅमिडियावर भरवशाचा परिणाम नाही. मधे बरं वाटायचं ते पाणी आणि सिरप यांमुळे, आणि हा आजार मुळात चढउताराचाच असतो म्हणून.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. क्लॅमिडिया पॉझिटिव्ह, बाकी सगळं निगेटिव्ह.

तिला एकटीला बोलावून सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "हे कुठून आलं?" यावर मी जे उत्तर दिलं ते अक्षरशः खरं आहे आणि प्रत्येक जोडप्याला ते कळायला हवं. रिपोर्ट संसर्ग आहे एवढंच सांगतो. कुणाकडून आणि कधी, हे त्यात लिहिलेलं नसतं. क्लॅमिडिया निम्म्याहून जास्त बायकांमध्ये आणि बऱ्याच पुरुषांमध्ये काहीही लक्षण न दाखवता महिनोन्महिने, कधी वर्षाच्या पुढेही राहतो. लग्नाआधीचा असू शकतो. दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. "पण ह्यांना जळजळ झाली होती ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "हो. म्हणून त्यांना बोलवायला हवं. भांडायला नाही, औषध द्यायला. त्यांनी घेतलं नाही तर तुला पुन्हा होईल." तिनं माझ्यासमोरच फोन लावला. "मॅडमनी बोलावलंय, दोघांची लघवी तपासायचीय," एवढंच बोलली. आणि फोन ठेवून म्हणाली, "आत्यांना सांगू नका." तिच्या कागदावर मी लिहिलं, गर्भाशयाच्या मुखाची सूज. ते खरंच होतं.

तो दुसऱ्या दिवशी नाइट शिफ्ट संपवून आला. बसल्या बसल्या म्हणाला, "लग्नाच्या आधी एकदा झालं होतं मॅडम, त्यानंतर काही नाही." मी ऐकून घेतलं. मग शेवटच्या संबंधाची तारीख मला का हवी, ते त्याला समजावलं. एचआयव्हीची बाधा झाली तर ती चाचणीत लगेच दिसत नाही. लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची, म्हणजे विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी चाचणी 45 दिवसांनी भरवशाची होते, बोटाला टोचून होणाऱ्या नुसत्या अँटिबॉडीच्या चाचणीला 90 दिवस धरावे लागतात. सिफिलिसचा पहिला व्रण 10 ते 90 दिवसांत कधीही उमटतो. "शेवटचा संबंध कधी आला हे मला कळलं नाही, तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट तुम्हाला आणि तिला खोटा धीर देईल," असं म्हटलं. मला तारीख हवी होती, कबुली नको होती. बराच वेळ तो खिडकीकडे बघत होता. मग म्हणाला, दिवाळीत एकदा, आणि आता मे महिन्यात. कंडोमशिवाय. मोजलं तर 26 दिवस झाले होते.

72 तासांच्या आत आला असता तर एचआयव्ही टाळण्याचं 28 दिवसांचं औषध सुरू करता आलं असतं, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. ती वेळ निघून गेली होती. हे औषध असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला त्या दिवशी काहीही त्रास नव्हता. ना जळजळ, ना पू. सकाळी टोक दाबून बघितलं तर कधीतरी पाण्यासारखा थेंब येतो, एवढं विचारल्यावर आठवलं. परम्यात घट्ट पिवळा पू दोन ते पाच दिवसांत येतो आणि माणूस धावत येतो. क्लॅमिडियाचा स्राव पातळ, एक ते तीन आठवड्यांनी, आणि इतका थोडा की चड्डीवरचा डाग घामाचा वाटतो. त्याची नॅटही पॉझिटिव्ह आली. रक्ताचे रिपोर्ट निगेटिव्ह, पण 26 दिवसांचे. म्हणून पुढची तारीख लिहून दिली आणि तोवर कंडोम. हेपटायटिस बीची लस दोघांनाही सुरू केली. दोघांचे सात दिवसांचे डोस पूर्ण होईपर्यंत संबंध पूर्ण बंद.

आता कंडोम का, हे तिला सांगणं भाग होतं. मी त्याला म्हटलं, तुम्ही सांगा, मी खोलीत बसते. त्यानं सांगितलं. दोन वाक्यांत, खाली बघत. ती रडली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "मला मूल होईल ना?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही. क्लॅमिडिया वर चढून बीजवाहिन्यांना सूज आणू शकतो, त्यातून वंध्यत्व किंवा नळीत गर्भ राहण्याचा धोका असतो. तिच्यात अशी सूज तपासणीत दिसली नव्हती, आणि औषध वेळेत मिळालं तर बहुतेक जणींना पुढे काही अडचण येत नाही. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. कंडोम बंद झाल्यावर वर्षभरात दिवस गेले नाहीत, किंवा पोटात दुखायला लागलं, तर नळ्या तपासू. ती पंधरा दिवस माहेरी गेली. घरी कारण सांगितलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.

या प्रकरणावरून मला दोन प्रकारच्या माणसांशी बोलायचं आहे. पहिले ते, जे हे वाचून घाबरतील. लघवीची बहुतेक जळजळ साधी असते. नवीन लग्न झालेल्या मुलींना संबंधांनंतर जी उन्हाळी लागते, ती बहुधा स्वतःच्याच शरीरातला ई. कोलाय मूत्रमार्गात ढकलला गेल्यामुळे. तो गुप्तरोग नाही, त्यावरून कुणी कुणावर संशय घेऊ नये. आणि थंडी वाजून ताप, पाठीच्या एका बाजूला दुखणं, उलट्या, किंवा पोटात बाळ असताना जळजळ, हे असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे प्रश्न मूत्रपिंडाचा असतो.

दुसरे ते, जे स्वतःलाच समजावत राहतात. चाळिशीच्या आतल्या धडधाकट पुरुषाला साधं युरीन इन्फेक्शन सहसा होत नाही. त्याला जळजळ झाली, आणि मागच्या काही आठवड्यांत नवा किंवा कंडोमशिवायचा संबंध आला असेल, तर पहिला विचार लैंगिक संसर्गाचाच करायला हवा. टोकातून स्राव, एका वृषणाला सूज, गुप्तांगावर न दुखणारा व्रण, यातलं काहीही असेल तर मेडिकलमधली स्ट्रिप घेऊ नका, चाचणी करा. बाईला औषध घेऊनही तीन-चार आठवड्यांत त्रास परत आला, किंवा कल्चर कोरं येऊन पस सेल्स वाढलेल्याच राहिल्या, तर तिनं नॅट मागून घ्यावी. जोडीदाराला काही निघालं असेल तर स्वतःला लक्षण नसलं तरी. आणि पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर नुसत्या लघवीवर थांबू नये. घशातला आणि गुदद्वारातला संसर्ग लघवीत दिसत नाही, तिथला स्वॅब लागतो. हे डॉक्टरला सांगणं अवघड असतं हे मला कळतं. पण सांगितलं नाही तर आम्ही चुकीची जागा तपासतो.

खासगी लॅबमधल्या या सगळ्या चाचण्यांचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही, त्यासाठी सरकारी सोय आहे आणि ती चांगली आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा विभाग असतो. तिथे लक्षणांवरून उपचाराची पद्धत आहे, औषधांच्या रंगीत किट्स मोफत मिळतात. मूत्रनळीतून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर करड्या रंगाची एक नंबरची किट, जोडीदारालाही तीच. आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी समुपदेशनासह फुकट होते. 1097 या टोल फ्री नंबरवर आधी नुसतं बोलताही येतं. भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग शर्तिया इलाज'च्या जाहिरातीकडे जाण्यापेक्षा हा रस्ता शंभर पटींनी बरा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ती आली. आग थांबून अडीच महिने झाले होते, औषध सुरू केल्यावर आठवडाभरातच फरक पडला होता. नॅट मुद्दाम इतक्या उशिरा केली. उपचारानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत केली तर मेलेल्या जंतूचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवतात. आणि तीन महिन्यांनी करायची ती नवा संसर्ग तर झाला नाही ना, हे पाहण्यासाठी. दोघांची निगेटिव्ह. मे महिन्यातल्या त्या तारखेपासून 90 दिवस उलटून गेल्यावर केलेली एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही निगेटिव्ह. तिनं रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. कंडोम आता बंद करायचा का, ते तुम्ही दोघांनी ठरवा, असं मी म्हटलं. "अजून थोडे दिवस राहू दे," ती म्हणाली, आणि मी पुढे विचारलं नाही.

उठताना दाराशी थांबली. तिच्याच लाइनवर काम करणारी एक मैत्रीण सोबत आली होती, तिलाही तीनदा झालंय, कल्चरमध्ये काही येत नाही.

"बाहेर बसलीय मॅडम. तिची सासू आलीय सोबत. तुम्ही त्यांना बाहेरच थांबवाल ना?"